काळी हॅट

संगणकात चोरून शिरणाऱ्याला ‘ब्लॅक हॅट’ म्हणतात. ही हॅट मुळात अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांतली. पडदा कृष्णधवल, घोडेस्वार भाराभर, धूळ अमाप. त्यात दरोडेखोर कोण हे मागच्या रांगेतल्यालाही कळावे म्हणून नायकाला पांढरी हॅट आणि खलनायकाला काळी, असा संकेत रूढ झाला. संकेतच तो, नियम नव्हे. हॉपअलाँग कॅसिडी हा लाडका नायक काळ्याच हॅटमध्ये वावरला, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

‘हॅकर’ शब्दही सुरुवातीला बदनाम नव्हता. एमआयटीच्या मॉडेल-रेल्वे क्लबात १९५०च्या दशकात यंत्राशी हौसेने केलेली खटपट म्हणजे ‘हॅकिंग’. पुढे शब्दाला चोरीचा वास लागला, तेव्हा भले-बुरे निवडायला हॅटचे रंग कामी आले. मालकाच्या परवानगीने त्रुटी शोधणारा व्हाइट हॅट, लुटणारा ब्लॅक हॅट, आणि न विचारता आत डोकावून वर ‘तुमचं दार उघडंय हो’ असं कळवणारा ग्रे हॅट. हा तिसरा म्हणजे आपला आगाऊ शेजारीच!

जेफ मॉस यांनी १९९७ मध्ये लास व्हेगासला संगणक-सुरक्षेची परिषद सुरू केली, तिचे नावच ‘ब्लॅक हॅट’. जमतात तिथे बहुतेक राखणदारच.

मराठीतला ठक मात्र टोपी स्वतः घालत नाही, दुसऱ्याला घालतो. तेव्हा फोनवर कुणी कितीही गोड बोलले, तरी ओटीपी सांगू नका.