परदेशी विद्येचा जमाखर्च



परदेशांतून शिकून आलेला विद्यार्थी घरीं आला, कीं आपण त्याला दोन प्रश्न हटकून विचारतों. तिकडे जेवणाचे काय हाल झाले, हा पहिला. आणि आतां पगार किती मिळेल, हा दुसरा. पहिला प्रश्न बहुधा आई विचारते आणि दुसरा शेजारी. एक तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या प्रवासाचें मोल कोणीं दिलें, कोणत्या अटीवर दिलें, आणि तेथें बसून विद्यार्थ्यानें जें लिहिलें तें काय? या तिसऱ्या प्रश्नाविषयींच आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. त्यासाठीं मी तीन विद्यार्थ्यांचीं उदाहरणें घेतों. तिघांचींहि नांवें घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु नांव मोठें झालें, कीं त्यामागचा विद्यार्थी हरवतो. त्याची थंडी, त्याची उधारी, त्याची परीक्षा यांची आठवण कोणाला राहत नाहीं.

आनंदीबाई जोशी यांची कथा कादंबरी, नाटक, चित्रपट यांतून इतक्या वेळां सांगितली गेली आहे, कीं ती मी येथें विस्तारानें सांगत नाहीं. कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांची आगबोट सुटली, तेव्हां त्यांना नुकतें अठरावें वर्ष पूर्ण झालें होतें. पति गोपाळराव बरोबर नव्हते. पोष्टांतल्या नोकरीवर दोघांचें भाडें निघणें शक्य नव्हतें. बाईंच्या अंगावरचे दागिने विकून आणि वर्गणी गोळा करून एकीच्याच प्रवासाची सोय झाली. अमेरिकेंत न्यूजर्सीमधील रोझेल गांवीं कार्पेंटरबाई त्यांची वाट पाहत होत्या. दांताच्या डॉक्टराकडे खोळंबून बसल्या असतां एका मिशनरी मासिकाचें पान त्यांनीं सहज चाळलें आणि गोपाळरावांचें पत्र त्यांच्या नजरेस पडलें. तेवढ्यावरून ही ओळख. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. महाराष्ट्रांतील पहिल्या स्त्री-डॉक्टरचें परदेशगमन एका दुखऱ्या दांतामुळें घडलें असें कोणी म्हटलें, तर इतिहासकारानें फार रागावूं नये.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीहि मिळाली. पण खोलींतली शेकोटी भयंकर धुमसे. पेटवावी तर धुरानें जीव गुदमरे, न पेटवावी तर थंडीनें हातपाय आखडत. नऊवारी नेसलें कीं पोटऱ्या उघड्या पडत. म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. आपल्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें श्रीरामपूरच्या सभेंत सांगून निघालेल्या मुलीला वस्त्राचा तेवढा फरकहि नवऱ्याला पत्रानें समजावून सांगावा लागत होता. अन्न शाकाहारीच राहिलें. त्यांतच क्षयानें शरीर पोखरण्यास सुरुवात केली.

मला विशेष वाटतें तें त्यांच्या प्रबंधाचें. अमेरिकेंत आधुनिक वैद्यक शिकावयास गेलेल्या या विद्यार्थिनीनें विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षीं जिचें मूल जन्मून दहा दिवसांत गेलें, ती परक्या देशाच्या ग्रंथालयांत बसून बाळंतपणाविषयीं आपल्या पूर्वजांनीं काय लिहून ठेवलें तें पाहत होती. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जागाहि ठरली. समुद्र ओलांडल्याबद्दल वाळीत टाकतील म्हणून जी भीति होती ती बरीचशी फोल ठरली. लोकांनीं स्वागतच केलें. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती आजहि आहे. मिळविलेल्या विद्येतील एक पैहि खर्च करावयास न मिळालेली ही विद्यार्थिनी.

दुसरे विद्यार्थी भीमराव आंबेडकर. १९१३ च्या फेब्रुवारींत वडील वारले, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें बडोदें संस्थानाशीं करार झाला. सयाजीराव गायकवाडांनीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड द्यावयाचे. विद्यार्थ्यानें परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी करावयाची. असा हा स्वच्छ, लेखी व्यवहार. जुलैमध्यें ते न्यूयॉर्कला पोंचले. कोलंबिया विद्यापीठाच्या एका वसतिगृहांत आठवडाभर राहिले. तेथलें जेवण मानवेना, म्हणून दुसरी जागा पाहिली. आणि अखेर लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीस स्थिरावले. ही मैत्री जन्मभर टिकली.

त्या तीन वर्षांतील अभ्यासाचा आवांका पाहिला म्हणजे आपण थक्क होतों. अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र. सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवीत, ड्यूई तत्त्वज्ञान. उरलेला वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. जातीचें मूळ वंशांत वा रंगांत नसून जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या रूढींत आहे, असें प्रतिपादन त्यांत होतें. ज्या विषयानें जन्मापासून पाठ सोडली नव्हती, तो विषय टेबलावर ठेवून शांतपणें तपासावयास न्यूयॉर्कचें अंतर उपयोगीं पडलें, असें मला वाटतें. मायदेशांत त्याच विषयावर बोलतांना त्यांना प्रथम बसावयाला जागा मिळविणें भाग पडलें असतें.

तेथून लंडन. तेथील अर्थशास्त्राच्या महाविद्यालयांत आणि ग्रेज इन येथें नांव घातलें. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीनें एवढी सवलत मिळाली, कीं चार वर्षांच्या आंत परत येऊन तो पुरा करतां येईल. सामान वेगळ्या बोटीनें पाठविलें होतें. महायुद्धाच्या धामधुमींत ती बोट बुडविली गेली आणि ग्रंथांचा मोठा संग्रह समुद्रतळाशीं गेला.

आणि मग बडोदें. परदेशांतील वर्षांनीं आपण अस्पृश्य आहोंत ही जाणीव आपल्या मनांतून पार पुसून टाकली होती, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्याबरोबर प्रश्न उभा राहिला तो हा, कीं उतरावें कोठें? हिंदु खाणावळींत सोय होणार नाहीं. म्हणून पारशी नांव सांगून एका पारशी धर्मशाळेंत ते राहिले. थोड्याच दिवसांनीं काठ्या घेतलेल्या माणसांनीं त्यांना तेथून बाहेर काढलें. कोलंबियाचा एम्.ए. झालेला, दोन खंडांतील नामांकित अध्यापकांचा शिष्य, बागेंतल्या झाडाखालीं बसून विचार करीत होता. करारांतील दहा वर्षांची नोकरी कांहीं दिवसांतच संपली. करार मोडला कोणीं, हा प्रश्न येथें विचारण्याजोगा आहे. कारण कागदावर जरी दोनच पक्षांच्या सह्या होत्या, तरी तिसरा पक्ष सारा समाज होता, आणि त्यानें कसलीहि सही केलेली नव्हती.

पुढें मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे साठविले. भथेना यांनीं कर्ज दिलें, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं साहाय्य केलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. आतां शिष्यवृत्ति नव्हती. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयांत सकाळीं सर्वांआधीं शिरावें आणि सर्वांमागून बाहेर पडावें. दुपारचें जेवण पुष्कळदां नाहींच. रात्रीं भूक अनावर झाली, कीं खोलींतल्या सोबत्यानें दिलेले पापड भाजून खावे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर हवें असलेल्या आयांसाठीं ही माहिती पुरेशी आहे. दुसऱ्या खेपेचा हा विद्यार्थी कोवळा नव्हता. घरीं पत्नी होती, मुलें होतीं, आणि एका समाजाचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

या खेपेचा मुख्य प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरचा. सरकार रुपयाचा भाव सोन्याशीं ज्या रीतीनें बांधून ठेवीत होतें, ती रीत हिंदी जनतेच्या हिताची नाहीं, असें त्याचें प्रतिपादन. आणि त्या रीतीचे कैवारी म्हणजे केन्ससारखे बडे अर्थशास्त्रज्ञ. ऑक्टोबर १९२२ मध्यें प्रबंध सादर झाला. परीक्षकांनीं तो सुधारून पुन्हां देण्यास सांगितलें. जवळचे पैसे संपले होते; म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्यें ते मुंबईस परतले, फेरफार तेथूनच करून धाडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी पदरांत पडली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. या टीकेंतील बराच भाग आपणांस मान्य नाहीं, असें त्यांत ते उघड सांगतात, आणि तरीहि विचारांचा ताजेपणा मोकळ्या मनानें वाखाणतात. असे गुरु मिळणें हा परदेशी शिक्षणाचा खरा लाभ. हा ग्रंथ आंबेडकरांनीं आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध मात्र सयाजीराव महाराजांस अर्पण केलेला आहे. दहा वर्षें चाकरी करून जें ऋण फेडावयाचें होतें, त्याची पावती अशी पुस्तकाच्या पहिल्या पानावर आढळते.

तिसऱ्या विद्यार्थिनीकडे वळण्यापूर्वीं एका घराचा उल्लेख केला पाहिजे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी. सरकारी नोकरीच्या मोठ्या वाटा मोकळ्या असतांहि पुण्यास परतून त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनाची सेवा पत्करली. ब्रह्मदेशांत जन्मलेली, शिक्षणासाठीं हुजुरपागेंत ठेवलेली इरावती करमरकर ही मुलगी परांजप्यांच्या कन्येची, शकुंतलेची, मैत्रीण. ती याच घरांत मुलीसारखी वाढली. ज्या घरांत केंब्रिजच्या गोष्टी जेवतांना निघत असतील, तेथल्या मुलीला समुद्र फारसा रुंद वाटला नसावा.

पुढें ती महर्षि कर्व्यांची सून झाली. मुंबईस घुर्ये यांच्या हाताखालीं एम्.ए. केल्यावर १९२८ सालीं तिनें बर्लिनला जाण्याचें ठरविलें. पति दिनकरराव स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले; त्यांचें प्रोत्साहन होतें. विरोध केला तो सासऱ्यांनीं. विधवांच्या शिक्षणासाठीं जन्म वेंचणाऱ्या पुरुषास सुनेचें परदेशीं जाणें मानवूं नये, याचें आश्चर्य वाटतें खरें. पण सुधारकाचें धैर्य सगळीकडे सारखें पसरलेलें नसतें, तें कांहीं ठिकाणीं खोल असतें आणि कांहीं ठिकाणीं उथळ. जीवराज मेहता यांनीं कर्ज दिलें आणि इरावतीबाई निघाल्या.

बर्लिनच्या दाहलेम भागांतील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. त्यांनीं दिलेला विषय वरवर निरुपद्रवी होता. मनुष्याच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. ती किती कमीजास्त असते तें मोजावयाचें. पण पोटांत दुसरीच गोष्ट होती. युरोपीय मनुष्य अधिक तर्कनिष्ठ, म्हणून श्रेष्ठ. आणि त्याची खूण कवटीच्या या असमानतेंत सांपडेल, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनीं सुमारे १५० कवट्या मोजल्या. कांहीं युरोपांतल्या, कांहीं जर्मनीच्या जुन्या वसाहतींतून आणलेल्या. क्षणभर हें चित्र डोळ्यांसमोर आणा. तेविसाव्या वर्षींची एक मराठी स्त्री, साडी नेसून, परक्या भाषेंत टिपणें घेत, परकार हातांत धरून बसलेली. आणि टेबलावर अशा माणसांचीं मस्तकें, ज्यांना येथें येण्याविषयीं कोणीं विचारलें नव्हतें.

मोजमापांचा निकाल सरळ लागला. कवट्या असमान होत्या, पण त्या असमानतेचा वंशाशीं कांहीं संबंध दिसेना. युरोपीय कवटी निराळी म्हणावी असें कांहींच हातीं लागलें नाहीं. आतां विचार करा. गुरूच परीक्षक, कर्ज काढून आलेली विद्यार्थिनी, पदवी घेतल्यावांचून घरीं जाणें म्हणजे ज्यांनीं जाऊं नको म्हटलें तेच खरे ठरणें. आंकडे किंचित् मुडपून घेतले असते, तर कोणाला कळलें असतें? त्यांनीं जें मोजलें तेंच लिहिलें. पदवी मिळाली आणि १९३० सालीं त्या परतल्या.

१९३३ सालीं नाझी राजवट आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि त्यांच्या संस्थेंतील वंशशास्त्र त्या राजवटीच्या कामीं लागलें. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. शरीराचीं मापें घेण्याचें तेंच जर्मन शास्त्र घेऊन त्या महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडल्या. आणि तीं मापें घेतांना माणसांना त्यांच्या भाषेविषयीं, आप्तसंबंधांविषयीं, लग्नाच्या चालीरीतींविषयींहि विचारीत गेल्या.