विद्यापीठाचे शेत आणि गावाची पेरणी

शेतमालाच्या बाजारपेठेचा इतिहास सांगू जाणाऱ्यास वऱ्हाडाला वगळून पुढे जाता येत नाही. 1886 साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला; 1897 साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. मात्र विलायतेच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळावा, ही त्यामागील मोठी प्रेरणा होती. पेरणाऱ्याला खात्रीचे बियाणे कोठून मिळावे, हा प्रश्न मागेच राहिला.

अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे 1898 साली जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण मिळावे म्हणून अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. 1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. 1965 साली त्यांचे निधन झाले. पुढे 1967 साली विदर्भाला कृषी विद्यापीठ मिळावे यासाठी आंदोलन पेटले. त्यात काहींनी प्राणही गमावले. अखेर 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात पंजाबरावांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. लोकांनी एवढी किंमत मोजून मिळविलेल्या या शेतातील पिकावर लोकांचा काही हक्क पोहोचतो, असे आम्हास वाटते.

हे पीक लोकांपर्यंत कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे. तेथील हरभऱ्याचे मोल बाजारातील धान्याच्या भावाने ठरत नाही. वाण निर्माण करणारी संस्था प्रथम थोडे पैदासकार बियाणे काढते. त्यापासून पायाभूत व पुढे प्रमाणित बियाणे तयार होते. या वाढीच्या कामासाठी 1976 साली अकोल्यातच ‘महाबीज’ची स्थापना झाली. शिवाय विद्यापीठाच्या शिवार फेरीत शेतकरी उभ्या पिकांतून हिंडतात, शास्त्रज्ञांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात आणि बियाणे, रोपे, कलमे घेऊन घरी जातात. विकणाऱ्याचे शेत गिऱ्हाइकाने आधी डोळ्यांनी पाहावे, अशी सोय सामान्य बाजारात क्वचितच आढळते.

या व्यवहाराचे महत्त्व 2002 नंतर अधिक जाणवू लागले. त्या वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि खाजगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यांच्या पाकिटांनी कापसाचे शिवार व्यापले. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते; त्यासाठी पेरणीच्या तोंडावर पुष्कळांना हात पसरावा लागतो. हरभरा, सोयाबीन यांच्या सरळ वाणांचे तसे नाही. निवडून, वाळवून, उगवणशक्ती तपासून ठेवलेले घरचे बियाणे पुढील हंगामातही चालते. ते राखण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा हक्क 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे.

म्हणूनच विद्यापीठाच्या शेतातील विक्री केवळ रुपयांत मोजणे आम्हास अपुरे वाटते. तेथून आणलेली एक पिशवी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाते आणि दोन-तीन हंगामांत गावाची होते. ज्याच्या गाठीशी पैसा थोडा, त्याला तिचा आधार सर्वांत मोठा. मागणीच्या मानाने बियाणे अपुरे पडते, तेव्हा रिकाम्या हाताने परतणारा बहुधा हाच लहान शेतकरी असतो. प्रथम त्याच्या हाती बियाणे पडावे अशी व्यवस्था झाली, तर 1967 च्या आंदोलनाचे ऋण काही अंशी फिटेल.