खरवड

चुलीवरच्या भाताकडे जरा दुर्लक्ष झालं की मराठीत एकामागून एक तीन क्रियापदं येतात. भात आधी ‘लागतो’, मग ‘करपतो’ आणि शेवटी पातेलं रिकामं करताना तो ‘खरवडावा’ लागतो. लागण्याचा संबंध भांड्याशी, करपण्याचा विस्तवाशी आणि खरवडण्याचा माणसाच्या हाताशी. तळाशी उरलेल्या त्या तांबूस, कुरकुरीत थराला नाव देताना मराठीनं पहिली दोन क्रियापदं बाजूला ठेवली. ‘लागण’ रोगाची झाली, ‘करपा’ पिकावर पडला. खाण्याच्या वाट्याला आली ती खरवड.

या शब्दात आवाज भरलेला आहे. लोखंडी कढईच्या बुडावर सराटा किंवा उलथनं फिरायला लागलं की जो ‘खर्रर्र’ असा आवाज होतो, तो खरवडणे, खरडणे, खरखरीत अशा शब्दांत ऐकू येतो. खरवड केवळ भाताची नसते. पिठल्याची खरवड अनेक घरांत पिठल्याहून आधी संपते. मंद आचेवर तापत ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यातली खरवड साखर घालून खातात. लोणी कढवल्यावर तळाशी जे उरतं त्याला मात्र खरवड म्हणत नाहीत. त्याला ‘बेरी’ हा स्वतंत्र शब्द आहे. तळाशी काय उरलं, कशाचं उरलं, याची इतकी बारीक नोंद ठेवणारी भाषा ही स्वयंपाकघरात वाढलेली भाषा आहे. कढईला तोंड लावून खाणाऱ्या मुलांना ‘लग्नात पाऊस पडेल’ अशी भीती घालण्याची रीतही याच स्वयंपाकघरातली. ती भीती घालावी लागते, यावरूनच खरवडीची ओढ किती ते कळतं.

जिथे जिथे भात भांड्यात शिजतो, तिथे तिथे तळाशी हा थर धरतोच. कोरियापासून क्यूबापर्यंत अनेक भाषांना त्याचं नाव ठेवावं लागलं. ते नाव कुणी आचाऱ्यानं किंवा पाककृतीच्या पुस्तकानं दिलेलं नाही, भांडं घासणाऱ्यांनी दिलेलं आहे. म्हणून ही नावं शेजारी शेजारी ठेवली की एकेका समाजाची घरगुती नजर दिसते: कुणाचं लक्ष हाताकडे गेलं, कुणाचं भांड्याकडे, कुणाचं विस्तवाकडे.

हाताकडे बघणाऱ्यांत मराठी एकटी नाही. इराकमध्ये या थराला ‘हकाका’ म्हणतात. अरबीत ‘हक्क’ म्हणजे खाजवणं, घासणं. (आपला ‘हक्क’ अरबीतूनच आला, पण तो वेगळ्या अक्षरांचा, वेगळ्या धातूचा शब्द आहे.) क्यूबामध्ये ‘रास्पा’ म्हणतात, तो स्पॅनिशमधल्या खरवडण्याच्या क्रियापदावरून. सगळ्यांत मोठी मजल मारली ती फ्रेंचनं. ‘ग्रातँ’ म्हटलं की आज चीज आणि दुधाची साय घालून भट्टीत भाजलेले बटाटे डोळ्यांपुढे येतात. पण हा शब्द ‘ग्राते’ म्हणजे खरवडणे या क्रियापदापासून झाला आणि त्याचा मूळ अर्थ भांड्याच्या बुडाला चिकटलेला, खरवडून काढावा लागणारा भाग, म्हणजे अक्षरशः खरवड. पुढे मुद्दाम खमंग पापुद्रा आणलेल्या पदार्थाचं ते नाव झालं, थर तळाचा वर आला, आणि एकोणिसाव्या शतकात तर ‘ल ग्रातँ’ म्हणजे समाजातला उच्चभ्रू वर्ग असा अर्थ रूढ झाला. हाच शब्द फ्रेंच वसाहतीच्या काळात कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत पोहोचला. तिथल्या क्रिओल भाषेत ‘ग्राटेन’ म्हणजे आजही भाताची खरवडच. पॅरिसच्या शब्दानं जो घरगुती अर्थ मागे टाकला, तो हैतीच्या स्वयंपाकघरानं सांभाळून ठेवला.

भाताचं लागणं ज्यांना महत्त्वाचं वाटलं, त्यांतले ठळक म्हणजे प्वेर्तो रिकोचे लोक. त्यांचा शब्द ‘पेगाओ’, मूळ स्पॅनिश ‘पेगादो’, म्हणजे चिकटलेला. तिथे सणासुदीला ‘आर्रोस कोन गांदुलेस’ होतो. गांदुलेस म्हणजे आपल्या तुरीचे हिरवे दाणे. जाड बुडाच्या ‘कालदेरो’त तो तुरीच्या दाण्यांचा भात मुरतो आणि पानात पेगाओचा तुकडा कुणाला मिळाला याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

सर्वांत मोठा गोतावळा विस्तवाच्या नावांचा. स्पेनमधल्या वालेन्सियात पाएयाच्या तळाशी जो थर धरतो त्याला ‘सोकार्रात’ म्हणतात, ‘सोकार्रार’ म्हणजे होरपळणं यावरून. पाएया हेसुद्धा मुळात भांड्याचंच नाव. लॅटिन ‘पातेल्ला’ म्हणजे पसरट तवा, त्यावरून वालेन्सियन ‘पाएया’. हे ऐकून मराठी माणसाला पातेलं आठवतंच, पण इथे सावध राहायला हवं. आपलं पातेलं ‘पात्र’ या शब्दाच्या कुळातलं, आणि पात्र ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासूनचं. लॅटिन शब्दाचं कूळ वेगळं आहे. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते एका घरातले ठरत नाहीत. पाएयाच्या बाबतीत खरी गोष्ट पुढची आहे: भाताला भांड्याचं नाव इतकं घट्ट चिकटलं की स्पॅनिशमध्ये भांड्यासाठी ‘पाएयेरा’ असा नवा शब्द निघाला. मराठीत याच्या उलटं घडतं. आप्प्यांवरून आप्पेपात्र, मोदकांवरून मोदकपात्र, पुरणावरून पुरणयंत्र. आपल्याकडे पदार्थ भांड्याला नाव देतो.

व्हिएतनाममध्ये ‘कोम चाय’ म्हणजे सरळ ‘करपलेला भात’. निन्ह बिन्ह प्रांताचा तो प्रसिद्ध पदार्थ आहे. कोरियन ‘नुरुंगजी’ हा शब्द भाजून तांबूस होणं, करपणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. कोरियन घरात जड लोखंडी हंड्यात भात शिजे. भात काढून घेतल्यावर तळाच्या नुरुंगजीवर गरम पाणी ओतत आणि जेवणाच्या शेवटी ते खमंग पाणी पीत. त्याला ‘सुंगन्युंग’ म्हणतात. जपानीत ‘कोगेरु’ म्हणजे करपणे. त्यावरून नुसतं ‘कोगे’ झालं असतं, पण जपानी माणूस ‘ओकोगे’ म्हणतो. हा पुढचा ‘ओ’ आदरार्थी आहे. चहाला ‘ओचा’ म्हणताना जो लागतो तोच. करपलेल्याला ‘करपलेलं’ म्हणायचं आणि तरी मानानं हाक मारायची, हे त्या एका अक्षरात साधलं आहे. जपानी चहासमारंभाच्या पारंपरिक जेवणात शेवटी लाकडी भांड्यातून गरम पाणी देतात, त्यातही ओकोगे घातलेली असते.

इराणनं हात आणि विस्तव सोडून भांड्यातली जागा निवडली. ‘तहदीग’: तह म्हणजे तळ, दीग म्हणजे पातेलं. यातला तह आपल्याला तहखान्यातून ओळखीचा आहे. दीग म्हणजे आपली देग, अजमेरच्या दर्ग्यातल्या प्रचंड देगी सगळ्यांना माहीत आहेत. गंमत अशी की जुन्या फारसीत उच्चार ‘देग’ असाच होता. इराणात पुढे तो ‘दीग’ झाला, हिंदुस्थानात आलेल्या फारसीनं जुना ‘ए’ राखला. इराणात सिंहाला ‘शीर’ म्हणतात आणि आपण ‘शेर’, त्याचंही कारण हेच. तहदीग अपघातानं होत नाही. तांदूळ भिजवून, अर्धवट उकडून, पाणी काढून टाकतात. पातेल्याच्या तळाशी तेल किंवा लोणी, केशर, कधी दही, कधी लवाश रोटीचा तुकडा, कधी बटाट्याच्या चकत्या घालतात आणि वर भात रचतात. झाकणाला कापड गुंडाळून मंद आचेवर दम देतात. या कापडी आवरणाला ‘दमकोनी’ म्हणतात. त्यातला दम म्हणजे श्वास, वाफ, आणि आपल्या ‘दम धर’मधलाही तोच. मग पातेलं पालथं केलं की तळ वर येतो आणि त्यातला मोठा तुकडा पाहुण्याच्या पानात पडतो.

चिनी ‘ग्वोबा’तही पहिला भाग भांड्याचाच आहे: ग्वो म्हणजे कढई. पण चीनमध्ये या पदार्थाची आठवण नावापेक्षा जुनी आहे. पाचव्या शतकात ल्यू यीचिंग यांच्या नावावर असलेल्या ‘शिशुओ शिन्यू’ या आख्यायिकासंग्रहात चेन यी नावाच्या एका मुलाची गोष्ट येते. त्याच्या आईला भांड्याच्या तळाचा करपलेला भात फार आवडे. तो सरकारी कचेरीत कारकून होता. जिथे भात शिजे तिथला तळाचा थर तो पिशवीत गोळा करी आणि घरी गेला की आईला देई. सुन एनचं बंड झालं तेव्हा त्याच्याकडे बराच भात साठला होता. घरी जायला वेळ मिळाला नाही, म्हणून ती पिशवी घेऊनच तो सैन्याबरोबर गेला. सैन्य हरलं, माणसं डोंगरदऱ्यांत पांगली, अनेक जण उपाशी मेले, आणि चेन यी त्या करपलेल्या भातावर जगला. गोष्ट मातृभक्तीचं फळ म्हणून सांगितलेली आहे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिथे या पदार्थाला एका शब्दाचं नाव दिलेलं नाही. ‘तव्याच्या तळाचा करपलेला भात’ असं वर्णन आहे. जागा आणि विस्तव दोन्ही त्यात आहेत.

हा थर धरतो कसा, हे समजलं म्हणजे आज तो का नाहीसा होतो आहे तेही समजतं. भांड्यात पाणी आहे तोवर भात १०० अंश सेल्सियसच्या फारसा वर जात नाही. पाणी आटलं की तळाचं तापमान चढू लागतं. साधारण १४० अंशांच्या पुढे दाण्यातली शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्यात झपाट्यानं क्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. आता आपला प्रेशर कुकर घ्या. डब्यातला भात वाफेवर शिजतो, तापमान १२० अंशांच्या आसपास अडतं आणि डब्याच्या बुडाखाली पाणी असतंच. तिथे खरवड धरणं शक्य नाही. १९५५ मध्ये जपानमध्ये तोशिबानं स्वयंचलित विजेचा भातकुकर बाजारात आणला. त्याची युक्ती अशी की पाणी आटून तापमान १०० अंशांवर चढू लागलं की विजेचं बटण आपोआप बंद होतं. म्हणजे खरवड जिथे सुरू होणार, नेमका तिथेच तो थांबतो.

ज्या समाजांनी तो थर मानानं वाढला होता, त्यांनी तो परत मिळवला. जपानी कुकरमध्ये ओकोगेसाठी वेगळी सोय आली. इराणी घरांसाठी तहदीग धरणारे कुकर तयार झाले. कोरियात नुरुंगजी पाकिटात मिळते, तिच्या स्वादाच्या गोळ्यासुद्धा मिळतात. जावात ‘इंतिप’ उन्हात वाळवून, तळून विकतात. सेनेगलचा ‘चेबू जेन’ हा माशांचा भात २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, आणि त्या भाताबरोबर तळाचा थर, वोलोफ भाषेतला ‘खोन्य’, आजही परातीत आवर्जून वाढला जातो.

मराठीत खरवड कधी ताटात वाढली गेली नाही. ती मागच्या पंगतीची राहिली: सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेलं पुढे घेऊन बसलेल्या बाईची आणि तिच्याभोवती घुटमळणाऱ्या मुलांची. म्हणून तिचं नाव हातावरून पडलं असावं असं मला मनापासून वाटतं. विस्तव काय करतो हे चुलीपुढे उभं राहून कळतं. भांडं खरवडायला किती जोर लागतो, हे मात्र ते खरवडणाऱ्या हातालाच माहीत असतं. शब्दाचा मान त्या हाताला मिळाला, ही मराठीची मोठी गोष्ट आहे.

पण भाताची खरवड घरातून गेली तर तो शब्दही हळूहळू पिठल्यापुरता उरेल. शब्दकोशात शब्द राहतो, तोंडात राहायला वस्तू लागते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी जाड बुडाच्या पातेल्यात भात लावावा, आच मंद ठेवावी आणि शेवटची पाच मिनिटं घाई करू नये. तुमच्या आजीनं, मावशीनं, आत्यानं या थराला खरवडीखेरीज आणखी काही नाव ठेवलं असेल तर ते तिला विचारून लिहून ठेवावं. पाककृतीची पुस्तकं असल्या शब्दांची दखल घेत नाहीत, आणि ते सांगू शकणाऱ्या पिढीकडे आता फार वेळ नाही.