खोगीर आणि त्याची भरती

पाने वाढविण्यासाठी ग्रंथात घातलेला मजकूर किंवा संख्येपुरते समितीवर बसविलेले सभासद दिसले, की आपण त्यांस ‘खोगीरभरती’ म्हणून मोकळे होतो. परंतु ज्या सातारा प्रांतातून तळबीडचे हंबीरराव मोहिते आणि भोसऱ्याचे प्रतापराव गुजर असे शिवछत्रपतींच्या घोडदळाचे दोन सरनोबत निघाले, त्या मुलखाने तरी हा शब्द असा हिणवून वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

खोगीर हा शब्द फारसी. ‘खू’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. ज्यास सरकारी पागेतून घोडा मिळे त्या बारगिराच्या नावातील ‘गीर’ही हाच. मूळ फारसीत खोगीर म्हणजे जिनाखाली घालावयाचा, घोड्याचा घाम टिपणारा जाड थर. मराठीत मात्र त्या थराचे नाव सबंध आसनास मिळाले, आणि ज्या वस्तूचे काम घाम पिण्याचे तिलाच मानाची जागा देण्यात आमच्या पूर्वजांनी घोड्याची जाण दाखविली, असे मी मानतो. आपला स्वतःचा शब्दही होता: संस्कृतातील ‘पर्याण’ प्राकृतात ‘पल्लाण’ झाले आणि जुन्या मराठीत ‘पालाण’ म्हणून उतरले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राजव्यवहारकोश रचून सुमारे 1,400 यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तरी पागेची बोली बदलली नाही. जीन, तंग, रिकीब, लगाम, तोबरा ही सारी फारसीच्या वाटेने आलेली मंडळी येथेच राहिली. त्यांच्याच सोबतीने आलेल्या आणखी एका शब्दाचे भाग्य तर विलक्षण. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून तंगापासून (पोटाखालून आवळावयाच्या पट्ट्यापासून) पुढच्या पायांमधून लगामाकडे नेलेला पट्टा, तो ‘जेरबंद’. आज वर्तमानपत्रात बिबट्या जेरबंद होतो, तेव्हा तो पट्टा कोणास आठवतो?

जीन करणारे ते जीनगर. पुढे पागा मोडल्या आणि हत्यारे-साजांच्या कारागिरांस दुसरे उद्योग धरावे लागले. मिरजेत हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात तर तलवारी सोडून तंबोरे घडविण्यात स्थिरावले.

खोगीर घालणे हे काम मात्र सर्वत्र एकाच क्रमाने चालते, कारण तो क्रम घोड्याच्या शरीराने ठरविलेला आहे. प्रथम खरारा, मग पाठीवरून उघडा तळवा फिरवावयाचा, कारण डोळ्यास न दिसणारा वाळूचा खडा हातास लागतो. घोड्याच्या डाव्या अंगास उभे राहून (कमरेची तलवार डावीकडे असे, म्हणून चढणेही डावीकडूनच) नमदा (खोगिराखालचा जाड थर) मानेच्या मुळाशी किंचित पुढे टाकावा आणि मागे ओढून घ्यावा, म्हणजे खालचे केस उलटे न फिरता सपाट बसतात. त्यावर खोगीर हलकेच ठेवावे, आपटू नये. तंग आवळताना घोडा छाती फुगवून धरतो. म्हणून एकदा आवळून त्यास चार पावले फिरवावे, श्वास सोडला की पुन्हा आवळावे, आणि तंगाखाली दोन बोटे सरकतील इतकीच जागा ठेवावी.

आता भरतीचे पाहा. लोकर, चिंध्या किंवा गवत जे काही आत कोंबले जाई ते बाहेरून दिसत नसे, त्यास नाव नसे, रूप नसे. म्हणूनच बहुधा निरुपयोगी माणसांस तिची उपमा सुचली. परंतु हीच भरती एके ठिकाणी गोळा झाली, की स्वाराचे सारे ओझे त्या गाठीतून पाठीवर उतरते, कातडे सोलते, आणि उत्तम जातीचा घोडा कित्येक दिवस खोगिराखाली येऊ शकत नाही. ज्या फौजेचे सारे बळ दौडीत, तिच्या मोहिमेचा पल्ला या चिंध्यांच्या सारखेपणावर अवलंबून असे. उपमा देणाऱ्याने खोगीर पाहिले असेल; ते उतरल्यावर पाठ पाहिली नसावी.

आजही आषाढीपूर्वी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व मिरज, सांगलवाडी, पेठनाका, भुईंज या वाटेने पायी आळंदीस जातात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालू लागतात; सातारा तालुक्यातील आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याची रीत घालून दिली. फलटण तालुक्यात तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर साज चढतो, स्वार चढत नाही. तरीही त्याचा तंग सैल ठेवून चालत नाही, कारण रिंगणात घोडा धावणार असतो.