व्हर्सायची भिंत, खाडीची कोयनेल

व्हर्सायचा राजवाडा पाहून आलेला माणूस आरसेमहालाइतकंच मागच्या बागेबद्दल बोलतो. दोरी लावून कातरलेल्या तिथल्या हिरव्या भिंती डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नवी मुंबईतल्या नेरुळ-वाशीच्या उद्यानांतही तशीच भिंत असते, कमरेएवढी. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण दोघींचं कूळ एकच.

झाडं कातरून आकार द्यायची रीत सम्राट ऑगस्टसचा मित्र गायस मेटियस याने काढली, असं रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो. त्याचा भाचा धाकट्या प्लिनीच्या बागेत तर झुडपं कापून मालकाचं नाव काढलेलं होतं आणि शेजारी माळ्याचंही. माळ्याला एवढा मान पुढे क्वचितच कुणी दिला असेल.

या हौसेला व्हर्सायला राजाश्रय मिळाला तो मात्र मत्सरापायी, असं म्हणतात. फ्रान्सचा अर्थमंत्री फुके याने १७ ऑगस्ट १६६१ला आपल्या नव्या वाड्यावर चौदाव्या लुईला मेजवानी दिली. वाडा, बाग, कारंजी, सगळं राजाच्या वरचढ! तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत गेला आणि त्याची बाग आखणारा आंद्रे ल नोत्र व्हर्सायच्या कामाला लागला.

पुढे मुंबईतही १८८१मध्ये मलबार हिलच्या जलाशयावर हँगिंग गार्डन झालं. तिथले झुडपांचे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी पाहिले. पण युरोपात कातरायला वापरतात ते बॉक्सवुड थंड हवेचं. इथल्या उकाड्यात ते काय टिकणार? कोकणपट्टीत कात्रीखाली आली ती कोयनेल, म्हणजेच वनजाई. ही मूळची खाडीकाठची, तिवरांच्या शेजारची. खारी हवा तिला चालते आणि पानं इतकी कडू की गुरं तोंड लावत नाहीत. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात. जसजसं कापत राहावं तसतशी ती दाट होते. खाडीवर मोकळी पसरलेली असली की तिला पांढरी फुलं येतात, लांब जांभळट केसर बाहेर काढलेली. कुंपणातल्या कोयनेलीला वारंवार कातरत असल्यामुळे फुलायला फारशी सवडच मिळत नाही.

१९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी भराव घालून नवी मुंबई वसू लागली. त्या शहराच्या कुंपणांना खाडीचंच झुडूप शोभलं असतं. पण हल्ली दुभाजकांवर पिवळ्या पानांचा ड्युरांटा दिसतो, मूळचा अमेरिकेचा. रंग लांबून दिसतो म्हणून तो लावतात. मला तो कंटाळवाणा वाटतो. शिवाय त्याची नारिंगी फळं विषारी असतात, हे लहान पोरं घेऊन बागेत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.