मिठाचें पाणी आणि समुद्राचें पाणी

हडपसरहून मुंबईचा समुद्र सुमारें दीडशें किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्रि आडवा. पूर्वीं देशावर समुद्र पोहोंचे तो कोंकणच्या मिठाच्या रूपानें, बैलांच्या पाठीवरून घाट चढून. म्हणूनच कीं काय, पाण्यांत मीठ विरघळविलें कीं समुद्र झाला, असें पुष्कळांस वाटतें. घरीं काचेच्या पेटींत सागरी मासे पाळूं पाहणाराचा पहिला घात हाच समज करितो.

मिठागरांत पाणी आटूं लागलें म्हणजे प्रथम चुन्याचे क्षार तळाशीं बसतात, मागाहून मीठ. शेवटीं उरतें तें कडू पाणी. मॅग्नेशियमचे बहुतेक क्षार त्यांतच राहून जातात. समुद्राच्या क्षारांत साधें मीठ शेंकडा ७८ च्या आसपास. उरलेल्या बाविसांवरहि जलचरांचा प्राण अवलंबून असतो.

लंडनकरांचीहि अडचण हीच होती. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. परंतु समुद्राचें पाणी शहरांत आणविणें खर्चाचें. तेव्हां १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांनीं इंग्लिश खाडीच्या पाण्याचें पृथक्करण समोर ठेवून तें घरींच सिद्ध केलें. सुमारें साडेचार लिटर पाण्यास साडेतीन औंस मीठ, पाव औंस मॅग्नेशियम सल्फेट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड, असें तें प्रमाण. त्यांत त्यांनीं आधीं समुद्रवनस्पति ठेविल्या, आणि सुमारें आठवड्यानें प्राणी. ते जगले! पुढें या छंदापायीं इंग्लंडचे किनारे लोकांनीं ओरबाडून काढले, ही खंत त्यांच्याच पुत्रानें लिहून ठेविली आहे.

एका खाडीचें प्रमाण इतर समुद्रांस लागू पडेल काय? ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जगभर फिरून आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार यांनीं तपासले. खारटपणा कमीअधिक, पण मुख्य क्षारांचें परस्पर प्रमाण जवळजवळ एकच, असें १८८४ सालीं त्यांनीं दाखविलें.

मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या कांठीं. हडपसरकरास हें भाग्य नाहीं. त्यानें तयार क्षारमिश्रण घ्यावें, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालवावा, आणि लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार उतरतील असें मिश्रण ढवळून घनता १.०२५ च्या आसपास आणावी. मासा मात्र लगेच सोडूं नये. त्याच्या मलमूत्रांतील अमोनिया पचविणारे जीवाणु पेटींत रुजावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर पेटी माशांवांचूनच राहूं द्यावी.