छोट्या गाडीभोवतीचे गाव

जर्मनीतील ग्योपिंगेन या गावी १८५९ साली मेर्कलिन नावाच्या एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराने मुलींच्या भातुकलीची भांडी घडविण्याचा धंदा सुरू केला. इवलीशी चूल, इवलीशी कढई, इवलीशी पळी, असा तो माल होता. पुढे त्याच घराण्याने १८९१ साली लाइपझिगच्या बाजारात चावीवर चालणारी एक आगगाडी मांडली. तिचे रूळ ठरावीक मापाचे होते, एकमेकांत बसणारे होते आणि इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे वळण घेणारे होते. आगगाडीची खेळणी त्यापूर्वीही मिळत असत. परंतु आज आणलेल्या रुळाला पुढच्या वर्षी आणलेला रूळ जोडता येईल, ही सोय नवी होती. खेळण्याचा छंद झाला तो या सोयीमुळे. भातुकलीच्या पोटी आगगाडी जन्मली ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण पुढील साठसत्तर वर्षांत या आगगाडीचा प्रवास पुन्हा भातुकलीकडेच झाला. नुसती गाडी फिरविण्यात लोकांचे मन रमेना. गाडीला स्थानक हवे, स्थानकाला गाव हवे आणि गावाला माणसे हवीत, असे त्यांना वाटू लागले.

ही माणसे पुरविण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. फालर बंधूंनी १९४६ साली काळ्या अरण्यातील एका गावी कारखाना काढला व पुढे चिमुकली घरे, चर्चे आणि स्थानके विकावयास आरंभ केला; पाउल प्रायझर याने १९४९ साली इवल्या मनुष्याकृतींचा उद्योग सुरू केला. त्या देशातील खरी शहरे त्या वेळी ढिगाऱ्यांच्या रूपात पडली होती. अशा दिवसांत लोक जेवणाच्या मेजावर धडधाकट कौलांची, खिडक्यांत फुलझाडे ठेवलेली गावे मांडीत होते. याला कोणी पलायन म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. जे गेले ते कसे होते, हे हाताने पुन्हा करून पाहणे ही आठवण जपण्याचीच एक रीत आहे.

आपल्याकडे ही रीत अपरिचित नाही. दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असा मराठी मुलगा पूर्वी विरळाच. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले पोते, पोत्यावर मातीचा लेप, मातीत पेरलेले हळीव नाहीतर मोहरी, आणि चार दिवसांनी डोंगरावर उगवलेले कोवळे हिरवे रान! मग कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, तोफा, गवळणी, वाघ आणि सर्वांच्या वर सिंहासनावर शिवाजी महाराज. या किल्ल्यात प्रमाणाचा विचार कोणी करीत नाही. मावळा बुरुजाहून उंच असतो, महाराज मावळ्याच्या दुप्पट असतात, आणि वाघ कधीकधी दरवाजात मावत नाही. जुने चित्रकारही राजाला मोठा आणि सेवकाला लहान काढीत. ज्याचे महत्त्व अधिक त्याची आकृती मोठी. एखादा हौशी मुलगा किल्ल्याखालून बोगदा काढून चावीची गाडीही सोडतो. शिवकालात आगगाडी कशी, असा प्रश्न विचारणारे मोठे लोक त्याला रसिक वाटत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

परंतु किल्ला दिवाळीनंतर मोडला जातो. मोडावयाचे नाही असे ठरविले की हौसेचे स्वरूप पालटते. पुण्यास भाऊ जोशी यांनी हेच ठरविले. छोट्या आगगाड्यांचा त्यांना लहानपणापासून नाद. प्रदर्शनांतून त्यांनी आपली नगरी लोकांना दाखविली, आणि अखेर १ एप्रिल १९९८ रोजी कर्वे रस्त्यालगत तिचे कायमचे संग्रहालय उघडले. तेथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे मैदान आहे. आणि खोलीतील दिवे मंद होऊन नगरीतले दिवे एकेक लागू लागले म्हणजे प्रेक्षकांतील मुलेच काय, आजोबादेखील गप्प होतात. या नगरीतील गाड्यांचा नि घरांचा तोंडवळा पुष्कळसा युरोपीय आहे. ती कोण्या एका खऱ्या गावाची प्रतिकृती नव्हे. ते एक स्वप्न आहे, आणि स्वप्न म्हणून ते पूर्ण आहे. मला मात्र त्यापुढचा एक प्रश्न छळतो. आपल्याच देशातले एखादे नाहीसे झालेले छोटे स्थानक, त्याच्या माणसांसह, असे उभे करावयाचे झाले तर काय काय करावे लागेल?

उदाहरणासाठी मी देवनहळ्ळी घेतो. बंगळूरच्या उत्तरेस असलेले हे गाव. मल्ल बैरे गौडाने १५०१ साली येथे मातीचा कोट बांधला असे सांगतात. अठराव्या शतकाच्या मध्यास म्हैसूरच्या सैन्याने त्यास वेढा घातला, तेव्हा हैदर नावाच्या एका शिपाईगड्याचा पराक्रम प्रथम वरिष्ठांच्या डोळ्यांत भरला. त्याचा मुलगा टिपू जन्मला तो याच गावी. बापलेकांच्या राजवटीत कोट दगडी झाला आणि १७९१ मध्ये तो कॉर्नवॉलिसच्या फौजेच्या हाती गेला. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आठवणाऱ्या मराठी माणसाला हा मुलूख परका वाटू नये.

कोटाची ही कथा इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत याच गावावरून एक लहानशी आगगाडी जाऊ लागली, तिची कथा सहसा कोणी सांगत नाही. बंगळूर-चिक्कबळ्ळापूर लाइट रेल्वेची ही गाडी. रूळ अवघ्या अडीच फुटांच्या रुंदीचे. यलहंका, दोड्डजाला, देवनहळ्ळी, आवतिहळ्ळी, नंदी असे करीत ती चिक्कबळ्ळापुरास जाई, आणि तेथून कोलारकडील फाटा तिला मिळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या मार्गाचे रुंद मार्गात रूपांतर सुरू झाले आणि चिक्कबळ्ळापुरापुढील कोलारपर्यंतचे काम २०१३ मध्ये संपले. छोटे रूळ उखडले गेले. त्यापूर्वीच २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीजवळ बंगळूरचा नवा विमानतळ उघडला होता. रागीची शेते, द्राक्षांचे मांडव आणि या गावाच्या नावाने ओळखले जाणारे पपनस यांच्या मुलखात रुंद सडका नि इमारती आल्या. मार्गावरची काही जुनी स्थानके मात्र उभी राहिली, आणि त्यांच्या जतनाचे काम इंटॅक या संस्थेने अंगावर घेतले. इमारत अशी वाचू शकते. फलाटावरची वर्दळ कशी वाचवावी?

या प्रश्नाला एक उत्तर इंग्लंडात सापडते. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडात गेला. तेथील खेड्यांतील गवती छपरांची घरे त्याने पाहिली. आणि ती छपरे जाऊन त्या जागी ॲस्बेस्टॉस येत आहे हेही पाहिले. ही खेडी जशीच्या तशी लहान आकारात करून ठेवावयाची असा त्याने निश्चय केला. त्यातून १९५४ साली पेंडनचे संग्रहालय निघाले. तेथे १९३० च्या सुमाराचा एक खोरेवजा मुलूख मांडलेला आहे. गाडी तेथेही आहे, पण ती खोऱ्याची पाहुणी आहे. घर करावयाचे ते खऱ्या घराचे मोजमाप घेऊन; बागेत भाजी लावावयाची ती तेथे खरोखर लागत असे तीच. एकेका घरापायी महिनेच्या महिने गेले. इतिहासकार दप्तरे चाळतो त्याच निष्ठेने हे लोक कुंपणाच्या काठ्या मोजतात.

ही निष्ठा देवनहळ्ळीस लावली तर पहिला प्रश्न उठतो तो सालाचा. ‘जुन्या काळचे स्थानक’ असे मोघम म्हणून चालत नाही. समजा १९३५ हे साल धरले. मग मुलूख म्हैसूर संस्थानचा. विहिरीवर घागरी ठेवावयाच्या त्या पितळेच्या नाहीतर मातीच्या. प्लास्टिकची निळी घागर दिसली की चाळीस वर्षांचे अंतर कोसळते. निलगिरीची झाडे आज या भागात इतकी दिसतात की ती अनादि असावीत असे वाटते. नंदीच्या डोंगरावर टिपूच्या वेळी ती लावल्याचे सांगतात हे खरे, परंतु माळच्या माळ व्यापणारी तिची लागवड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तेव्हा १९३५ च्या देखाव्यात रुळांच्या कडेने चिंच, वड, करंज हीच झाडे हवीत. एका चुकीच्या झाडाने सबंध मुलूख खोटा पडतो.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. या छंदात सर्वांत रूढ असलेले प्रमाण एचओ या नावाने ओळखले जाते. त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान होते. अडीच फुटांची रुळांची रुंदी या हिशेबाने नऊ मिलिमीटरांच्या किंचित आत येते. त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरांचे रूळ तयारच मिळतात, म्हणून अरुंद मार्गाचे शौकीन तेच वापरतात. साडेपाच फुटांचा माणूस एकोणीस मिलिमीटरांचा होतो, म्हणजे तांदळाचे तीन दाणे एकावर एक उभे केल्याएवढा. एक मैल मात्र साठ फुटांचा होतो! देवनहळ्ळी ते नंदी हे अंतर मोजून मांडू गेल्यास घर पुरणार नाही, गल्ली लागेल. नंदीचा डोंगर समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंच आहे, भोवतालच्या पठारापासून धरला तरी साडेपाचशे मीटरांहून अधिक. तो प्रमाणात केला तर वीस फुटांवर जाईल. म्हणून डोंगर मागच्या पडद्यावर रंगवावयाचा, फिकट निळसर, कडा थोड्या पुसट ठेवून, आणि अंतर कापून फक्त स्थानक, कोटाचा एक बुरूज नि मधले एखादे शेत जवळ आणावयाचे. बुरूज खरोखर इतका जवळ नाही, असा आक्षेप येईल. नाटककार वीस वर्षांचा इतिहास तीन अंकांत बसवितो, तेव्हा तो खोटे बोलतो काय?

जमिनीसाठी जाळीवर प्लॅस्टरचा थर देतात. वर तिथलीच तांबडी माती चाळून पसरावी. पण चाळणी फार बारीक हवी, कारण एक मिलिमीटरचा खडा येथे मुठीएवढा धोंडा होतो. झाडांना तारेची खोडे, पानांसाठी रंगविलेला लाकडाचा भुसा. आमच्या हळीवाचा मोह येथे आवरावा लागतो. ते वाढते, आणि थांबलेल्या काळात काही वाढता कामा नये.

याहून अवघड काम म्हणजे वस्तूंना वय देणे. नवे कोरे स्थानक खेळण्यासारखे दिसते. कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाचा एक छायाचित्रकार होता. गंज, काजळी, ओल आणि झीज रंगवून दाखविण्यात त्याच्या तोडीचा कारागीर विरळा. त्याच्या छोट्या रेल्वेवर डबे ओढावयास एक डायनोसॉरही होता, इतका तो मिस्किल. परंतु शेडच्या पन्हाळीखालचा डाग तो गंभीरपणे रंगवी. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच त्याची सबंध रेल्वे आगीत गेली. उरली ती त्याने घेतलेली छायाचित्रे. देवनहळ्ळीच्या कौलांवरही पावसाळ्यांचे काळे ओघळ हवेत, आणि इंजिन जेथे थांबते तेथे रुळांमध्ये तेलाचा पट्टा हवा.

आणि मग माणसे. कारखान्यातून येणारी माणसे टोपी, कोट आणि झगे घातलेली असतात. कोटाचा खालचा भाग कोरून धोतर करावे लागते, पातळ कागदाच्या पट्टीने पदर घ्यावा लागतो, डोक्यावर पुटीचा ठिपका ठेवून मुंडासे बांधावे लागते. येथे एक जुना अनुभव कारागीर सांगतात: धावणारा माणूस बसवू नये. पहिल्या क्षणी तो गमतीचा वाटतो, पण पाच मिनिटांनी पाहावे तर तो तसाच एक पाय उचलून उभा! वाट पाहणारी, बसलेली, टेकलेली, बोलणारी माणसे मात्र तासन्‌तास खरी वाटतात. सुदैवाने आपल्या छोट्या स्थानकांवर माणसे प्रामुख्याने वाटच पाहत असत.

हा विचार देवनहळ्ळीपुरता नाही. आपली बार्शी लाइट रेल्वे याच अडीच फुटांची. कॅलथ्रॉप या इंजिनियराने तिचा पहिला टप्पा १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू केला. १९०६ मध्ये ती पंढरपुरास पोहोचली, आणि पुढे एका टोकास लातूर, दुसऱ्या टोकास मिरज अशी पसरली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत तिचेही छोटे रूळ गेले. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी त्या गाडीने पंढरीस गेलेले असेल. त्यांना विचारून घ्यावयाचे ते एवढेच: डब्यात बाके कशी होती, पताका खिडकीबाहेर धरीत की आत घेत, तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून कोठे ठेवीत, टाळ पिशवीत असत की गळ्यात. कोणत्याही वार्षिक अहवालात हे मिळणार नाही, आणि यावाचून पंढरपूरच्या फलाटावरची एकही आकृती उभी करता येणार नाही. देवनहळ्ळीचेही तेच आहे. बाजारच्या दिवशी बायका टोपल्या डब्यात चढवीत की टपावर, स्थानकमास्तराच्या खोलीपाशी पाण्याचा माठ कोणत्या बाजूस होता, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.